किल्ली हाताकडे

माझ्या भावाबद्दल कुणी वाईट बोललं की मला राग येतो, आणि चांगलं बोललं की त्याहून जास्त येतो. तो गेला तेव्हा दोन्ही प्रकारची माणसं दारात येऊन गेली. चहा प्यायली, मान हलवली आणि जाताना कोपऱ्यावर उभी राहून पुन्हा तेच बोलली. म्हणून म्हटलं, जे काय आहे ते आपणच सांगून टाकावं. निदान तिखटमीठ तरी घरचं लागेल.

आई-वडील गेले तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते आणि दादाला नुकत्या मिशा फुटत होत्या. मला वाढवायचं म्हणून तो तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या कंपनीत चिकटला आणि आम्ही कंपनीच्या वसाहतीत राहायला आलो. दोन खोल्यांची एकसारखी घरं, पत्र्याचं छप्पर, मागच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या तारा, आणि वारा सुटला की त्या कपड्यांवर बारीक धूळ. लांबवर लोखंडी मनोरे दिसायचे, त्यांना रिग म्हणायचे. त्यातल्या एका मनोऱ्याखाली माझा भाऊ म्हातारा झाला. मला तो ठमी म्हणायचा, मी त्याच्या खांद्याला लागले तरीही.

तेलाची विहीर म्हणजे बादली सोडायची विहीर नव्हे. परातीएवढं भोक आणि ते कोसभर खोल. एकाला एक पाईप जोडत जायचं आणि खाली सोडायचं. टोकाचं दातेरी पातं बोथट झालं की सगळे पाईप वर ओढून एकेक सोडवायचे, पातं बदलायचं आणि सगळी माळ पुन्हा जोडत आत सोडायची. ही एवढी माळ पेलून धरायला मनोऱ्याखालच्या फ्लोअरवर एक ब्रेक असतो. त्याची छातीएवढी उंच दांडी ज्याच्या हातात, तो ड्रिलर. दांडी थोडी सैल सुटली की कित्येक हत्तींचं वजन खाली कोसळणार. दादा आधी फ्लोअरवर राबला, मग त्या दांडीपाशी पोहोचला, आणि सगळं फील्ड त्याला ब्रेकदादा म्हणायला लागलं. सायकलसुद्धा तो अर्धा ब्रेक दाबूनच चालवायचा. मी मागे बसलेली असले की म्हणायचे, दादा, उतरते मी, चालत लवकर पोहोचेन.

स्वतःचं लग्न त्याने केलं नाही. 'आधी तुझं होऊ दे' म्हणता म्हणता माझं झालं आणि त्याचं राहून गेलं. माझं स्थळही त्यानेच आणलं, आपल्याच फ्लोअरवरून. "मुलगा चांगला आहे," म्हणाला. "साखळी फेकतो, आणि दहाही बोटं शाबूत आहेत."

हसू नका. आमच्या वसाहतीत ही मोठी शिफारस होती. एक पाईप दुसऱ्यात पिळून बसवायचा तर एक जाड साखळी खालच्या पाईपभोवती गुंडाळून ठेवायची. वरचा पाईप त्यावर टेकला की मनगटाच्या एका झटक्याने ती साखळी खालून वर उडवायची, ती वरच्या पाईपला आपसूक वेढे घालते, मग ड्रिलर तिचं टोक यंत्राने ओढतो आणि पाईप गरकन फिरून बसतो. झटका चुकला, हात एवढासा उशिरा निघाला, तर साखळीला पाईप कुठला आणि बोट कुठलं हे कळत नाही. फील्डवरच्या जुन्या माणसांनी नमस्कार केला तर जोडलेल्या हातांत फटी दिसायच्या. माझ्या नवऱ्याला सगळे साखळ्या म्हणत. ते साखळी फेकायला लागले की बाजूच्या रिगवरची माणसं जेवण सोडून बघायला यायची, असं दादा सांगायचा. साखळी फेकणारा आणि ब्रेकवाला यांचं नवरा-बायकोसारखं असतं म्हणे, न बोलता कळावं लागतं. ह्यांचा हात बाहेर निघाला की दादा ओढणार, त्याआधी नाही. मी चिडवायचे, मग मला मध्ये कशाला आणलंत, तुमचं तुम्ही बघितलं असतंत की.

ह्यांना रिकामं बसणं ठाऊकच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी चांगलं चालणारं कुलूप उघडून बसायचे. मुलगी झाली तर तिचा पाळणा त्यांनी इतक्या वेळा दुरुस्त केला की शेवटी तो खरंच मोडला.

मग यंत्र आलं. लाल रंगाचं, रुळावर पुढे-मागे सरकणारं, दोन जबडे असलेलं. ते आपणहून पुढे यायचं, वरचा-खालचा पाईप जबड्यात धरायचं, पिळायचं, आवळायचं आणि मागे जाऊन उभं राहायचं. फ्लोअरवर एक पिवळी रेघ मारली होती. यंत्र चालू असताना माणसांनी रेघेच्या मागे थांबायचं. माणसांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. यायचं थाटात, सगळ्यांनी बाजूला सरायचं, काम आपल्या सवडीने करायचं, आणि रुसलं की चार जणांनी मिनतवाऱ्या करायच्या.

ते सुरुवातीला हातांपेक्षा हळू होतं, हे खरं. पण ते आल्यापासून आमच्या रिगवर कुणाचं नखसुद्धा उडालं नाही, हेही तितकंच खरं. मी तर मनातून फार खूश होते. आधी सायरन वाजला की वसाहतीतल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि एकमेकींकडे न बघता उभ्या राहायच्या. ते बंद झालं होतं.

ह्यांचं मात्र बिनसलं. कामावरून घरी यायचे ते जसेच्या तसे, कपड्यांना चिखल नाही, खांदे दुखत नाहीत. तरी न्हाणीघरात जाऊन हात घासत बसायचे. एकदा मी म्हटलं, काय घासताय, स्वच्छच आहेत की. त्यावर जे पाहिलं माझ्याकडे, ते मी पुन्हा बोलले नाही.

दादाचं जेवण आमच्याकडेच असायचं. पानावर बसलं की दोघांची जुंपायची.

"उभं राहायचंच काम असेल तर खांब नेमा ना," हे म्हणायचे. "खांब निदान जांभया देणार नाही."

"मेहुणे, यंत्राला बायको नाही," दादा म्हणायचा. "त्याचं बोट तुटलं तर नवं बोट खोक्यातून येतं. तुमचं कुठून आणू?"

"आमचं तुटलेलं नाही अजून. न तुटताच जुनं झालं."

दादा पुन्हा भात कालवायला लागायचा. त्याने आयुष्यात किती जणांना फ्लोअरवरून उचलून नेलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. डोक्याने तो पूर्ण यंत्राच्या बाजूचा होता. पण समोर बसलेल्या ह्यांचा चेहरा बघितला की त्याचा घास तोंडातच फिरायचा, ते मी बघत होते.

युनियनने तेव्हा मोठा गोंधळ घालून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. यंत्र राहील, पण हातकामही राहील. ब्रेकशेजारी एक किल्ली बसवली. एका बाजूला फिरवली की यंत्र, दुसऱ्या बाजूला फिरवली की यंत्र मागे जाऊन गप्प उभं राहणार आणि माणसांनी हाताने काम करायचं. अडीअडचणीला, घाईच्या वेळी. साखळी त्यासाठी खुंटीला टांगून ठेवली. किल्ली कधी कुठे फिरवायची हे ड्रिलरने ठरवायचं, म्हणजे दादाने.

यंत्राबरोबर आलेले इंजिनियर साहेब चष्मेवाले, हळू बोलणारे होते. ते एकदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा ह्यांच्यासमोरच म्हणाले, "मला हातकामाचा राग नाही. रोज साखळी फेकणाऱ्याचा हात शहाणा असतो. मग रोज फेका, नाहीतर कधीच फेकू नका. महिन्यातून एकदा फेकणं सगळ्यांत वाईट." हे हसले आणि म्हणाले, "साहेब, पोहायला आलं की आलं." साहेबांनी वाद घातला नाही. माणूस भला होता. त्याचं ऐकायला हवं होतं, पण युनियनने ऐकलं नाही आणि कंपनीने भांडण नको म्हणून मान डोलावली. अर्धं यंत्र, अर्धा हात. धड ना इकडे, धड ना तिकडे.

त्या दिवशी मी मागच्या अंगणात चादरी पिळत होते. ऊन होतं. सायरन वाजला आणि सवय मोडल्यामुळे मला क्षणभर कळलंच नाही की हा कसला आवाज. मग सगळ्या बायका दारात आल्या. या वेळी त्या एकमेकींकडे बघत होत्या, कारण जीप माझ्या घराकडे वळली होती.

दादा उतरला. हेल्मेट हातात. उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. ज्या घरात तो जोड्यासकट शिरायचा आणि माझ्या शिव्या खायचा, त्याच घराच्या बाहेर उभा राहिला. बोलला तो युनियनचा सेक्रेटरी. म्हणाला, विहीर आवळत होती. भोकाच्या भिंती आत येत होत्या, माळ अडकली असती, यंत्राने उशीर झाला असता. ब्रेकदादाने किल्ली हाताकडे फिरवली आणि साखळ्या पुढे झाला. साखळीने हातमोजा धरला. दादाने ओढणं तिथल्या तिथे सोडलं, पण तोवर साखळीने त्यांना पाईपावर नेलं होतं.

"विहीर वाचवली ताई त्यांनी," सेक्रेटरी म्हणाला. "सगळ्यांना वाचवलं."

मी दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मला ती मान होकारासारखी दिसली, आणि मी तो होकार घट्ट धरला. दुसरं धरायला होतं काय? नवरा मेला याला काही अर्थ असावा असं बाईला वाटतं. मला मिळाला. मुलीला मी तोच सांगितला. तुझे बाबा विहीर वाचवताना गेले.

चौकशी झाली. त्या काळी माळेवर किती ताण आहे हे दाखवणारा काटा फक्त ड्रिलरच्या डोळ्यांसमोर असायचा, त्याची वेगळी नोंद होत नसे. दादा सांगेल ते खरं. इंजिनियर साहेबांनी त्याला एकच प्रश्न दोनदा विचारला, विहीर खरंच आवळत होती का. दादा दोन्ही वेळा हो म्हणाला. मग निकाल लागला की ड्रिलरने केलं ते योग्यच, अशा वेळी हाताला पर्याय नाही. युनियनने तो निकाल डोक्यावर घेऊन नाचवला. सगळ्या रिगवर किल्ली बसवायची ठरली. साखळी फेकायचा सराव पुन्हा सुरू झाला, नवीन माणसं त्यासाठी निवडली. युनियनच्या हॉलमध्ये ह्यांचा मोठा फोटो लागला. माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं.

दादा त्या फोटोखालून कधी गेला नाही. हॉलच्या मागच्या दाराने जायचा. मला वाटलं, दुःख आहे, निवळेल.

मुलीच्या शाळेत त्यांना वर्गात उभं राहून आपल्या घरातल्या एखाद्या माणसाबद्दल बोलायचं होतं. तिने बाबांबद्दल बोलायचं ठरवलं आणि जेवायच्या आधी मामाला समोर बसवून म्हणून दाखवलं. चांगलं म्हटलं. 'माझ्या बाबांनी विहीर वाचवली आणि सगळ्या मामा-काकांना वाचवलं,' असं शेवटी होतं. आणि मग मामाकडे बघून म्हणाली, "बरोबर ना मामा? तू तर तिथेच होतास."

दादा पानावरून उठला. भरल्या ताटावरून तो आयुष्यात उठला नव्हता. मागच्या अंगणात गेला. मी मुलीला शेजारी पाठवलं आणि त्याच्यामागे गेले. तो कपड्यांच्या तारेला धरून उभा होता.

"ठमे, विहीर आवळत नव्हती," तो म्हणाला.

मी विचारलं, म्हणजे काय.

"काही झालं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं होतं. यंत्र त्याचं त्याचं काम करत होतं. घाई नव्हती, काही नव्हतं. तो रेघेच्या मागे उभा होता, हात काखेत घालून. सकाळपासून तसाच. मी त्याच्याकडे बघत होतो. मला बघवेना. वाटलं, चार पाईप फेकू दे. चार पाईपांनी काय होतंय. म्हणून फिरवली किल्ली."

मग त्याने सगळं सांगितलं. साखळी खुंटीवर टांगून टांगून कडक झाली होती, एक कडी वळत नव्हती. ह्यांचा हातही पूर्वीचा राहिला नव्हता, निघायला उशीर झाला. आणि दादाचा अंदाज ह्यांच्या जुन्याच हाताचा होता, म्हणून त्याने नेहमीच्या वेळेला ओढलं. नंतर सगळे भोवती धावले तेव्हा सेक्रेटरीनेच विचारलं, विहीर आवळत होती ना? आणि दादाच्या तोंडून हो गेलं. एकदा गेलेलं हो परत आलं नाही.

मी काय केलं असेल असं वाटतं? मी त्याला मारलं. मोठ्या भावाला, ज्याने मला वेणी घालायला शिकवली, त्याला मी ओल्या टॉवेलने मारलं, खांद्यावर, तोंडावर. तो हलला नाही. ज्याने नवरा आणून दिला त्यानेच नेला, आणि का, तर दया आली म्हणून. शत्रूने नेला असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. माझ्या माणसावर माझ्याइतकंच प्रेम करणाऱ्याने नेला, मग मी ओरडायचं कुणाच्या नावाने?

हात दुखले तेव्हा थांबले. मग तो म्हणाला, "आता तू सांग. मी साहेबांकडे जाऊन खरं सांगतो. पण मग त्याचा फोटो उतरेल. पोरीने जे म्हटलं ते खोटं ठरेल. सगळ्या रिगवरच्या किल्ल्या काढतील, साखळीवरची माणसं घरी बसतील. आणि नाही सांगितलं, तर माझ्या एका हो वर सगळीकडे साखळी चालू राहील. पुढचा कोण असेल माहीत नाही. त्याचं नाव गेलं तर तुझंही जातं, म्हणून तुला विचारतो."

मला वाटलं, हा मूर्ख गप्प मेला असता तर किती बरं झालं असतं. मी खरंच तसं त्याला म्हटलंसुद्धा. मुलीच्या डोक्यातला तिचा बाप मला तसाच हवा होता. इतक्या हालांतून मी तेवढं एक उभं केलं होतं.

तारेच्या पलीकडे शेजारची नवी सून नुकतीच येऊन कपडे वाळत घालत होती. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. तिच्या नवऱ्याला नुकतीच साखळी मिळाली होती, म्हणून तिने आदल्या आठवड्यात सगळ्यांना गोड वाटलं होतं, मलाही दिलं होतं, वर म्हणाली होती, 'ह्यांनाही तुमच्या ह्यांच्यासारखं नाव काढू दे.' तिला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. नवऱ्याचा शर्ट ती दोन्ही बाह्या ताणून तारेवर घालत होती, सुरकुती राहू नये म्हणून. मी त्या बाह्यांकडे बघत राहिले.

"सांग," मी दादाला म्हटलं. "आणि मला तोंड दाखवू नकोस."

त्याने सांगितलं. इंजिनियर साहेबांनी म्हणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं सगळं दादा म्हणाला तसंच झालं. किल्ल्या निघाल्या, साखळ्या भंगारात गेल्या. सेक्रेटरी माझ्याकडे येऊन म्हणाला, ताई, त्यांना आवरा, म्हणावं डोकं ठिकाणावर नव्हतं, अजून वेळ गेलेली नाही. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आठवड्याने हॉलमधला फोटो कुणीतरी माझ्या ओट्यावर आणून ठेवला, भिंतीकडे तोंड करून.

बरीच माणसं कमी झाली. शेजारच्या सुनेचा नवराही त्यात होता. त्यांनी घर रिकामं केलं त्या दिवशी ती माझ्या दारासमोर उभी राहून मला आणि माझ्या भावाला यथेच्छ बोलली. आमच्या घराला आग लागो म्हणाली. मी दार लावलं नाही, ऐकून घेतलं. तिचा नवरा पुढे चालला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एकेक जड ट्रंक होती.

मुलीला मीच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे बाबांनी कुणालाच नाही वाचवलं?" मी नाही म्हटलं. त्यानंतर ती तिच्या बापाबद्दल फार बोलली नाही, आणि हे माझ्या उरात आजही सलतं.

दादाला ब्रेकवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे तो हातमोजे, हेल्मेट, बूट वाटायचा. त्याचं जेवण मी बंद केलं नाही, पण माझ्या घरात बंद केलं. मुलीच्या हाती डबा जायचा आणि धुतलेला परत यायचा. वर्षं गेली अशी. मुलगी सांगायची, मामा आता वेगळाच झालाय. स्टोअरमध्ये कुणी म्हटलं, दादा, मोजे फाटलेत, नवे मिळायला महिना भरायचाय, पण द्या की, तर द्यायचा नाही. पावसात भिजत आलेल्या माणसाला सही केल्याशिवाय रेनकोट मिळायचा नाही. मुलगी लहान होती तेव्हा एकदा सायकलच्या दांड्यावर बसव म्हणून त्याच्यामागे लागली, तर नाही म्हणाला, रडली तरी नाही म्हणाला. ज्या माणसाच्या खिशात पोरांसाठी कायम काहीतरी असायचं, त्याने खिसेच शिवून टाकल्यासारखं केलं. लोक म्हणायला लागले, आता दादा गेला, नुसता ब्रेक राहिला. लोकांना काय कळणार? मला कळत होतं. त्याला स्वतःच्या दयेची भीती बसली होती. कुणाचं मन राखायला जावं आणि त्याचा जीव जावा, त्यापेक्षा कुणाचं मनच राखायचं नाही. कळत असूनही मी त्याच्याकडे गेले नाही. माझ्या रागालाही राहायला घर लागत होतंच.

रिगवर मग आणखी यंत्रं आली. ब्रेकसुद्धा आपोआप लागायला लागला. आता एक माणूस काचेच्या खोलीत खुर्चीवर बसून सगळी विहीर खोदतो. सायरन मी कित्येक वर्षं ऐकलेला नाही. साहेब बरोबर होते आणि ह्यांचे रिकामे हातही खरे होते, मी दोन्ही मान्य करते. मला दोन्हींचा उपयोग नाही.

दादाच्या फुप्फुसांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी म्हणजे कुठे? मी रिक्षा केली आणि त्याला माझ्याकडे आणलं. तो उंबऱ्याशी थांबला. मी म्हटलं, आत ये, जोडे काढ फक्त. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. दिवसभर आम्ही दोघंच. त्याला उशीला टेकवून बसवायचं, पातळ काहीतरी भरवायचं, खिडकी उघडायची, लावायची. फार बोलत नव्हतो. बोलायला श्वास लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता.

एका दुपारी त्याला जरा बरं वाटत होतं. मी त्याची नखं काढत होते. इतकी वर्षं एक प्रश्न माझ्या जिभेवर होता आणि विचारायचा कुणाला, तर ज्याच्याशी बोलत नव्हते त्यालाच. मी मान वर न करता विचारलं, "तू किल्ली फिरवलीस तेव्हा ह्यांनी काय केलं?"

तो खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाला, "हसला."

मी नखं काढायची थांबले.

"खटका वाजला तसा त्याने वळून माझ्याकडे बघितलं. आधी त्याला खरंच वाटेना. मी मानेने म्हटलं, जा. मग हसला. अर्ध्या दिवसात शाळा सुटली की पोरं कशी हसतात, तसा. धावतच गेला खुंटीकडे. मोजे चढवताना शीळ घालत होता." दम लागला म्हणून थांबला. "यंत्र आल्यापासून तेवढा खूश मी त्याला पाहिला नव्हता, ठमे."

यंत्र आल्यापासून मीही पाहिले नव्हते. माझ्या आठवणीत ह्यांचा शेवटचा चेहरा न्हाणीघरातला होता, स्वच्छ हात घासतानाचा. एवढी वर्षं मी त्याच चेहऱ्याबरोबर झोपत होते.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "इतकी वर्षं?"

"सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस," दादा म्हणाला. "ते मला नको होतं."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. घाबरला होता. आजारपणात मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

"नसतं केलं," मी म्हटलं. "आताही करणार नाही."

त्याने डोळे मिटले आणि मान उशीवर टेकवली. बऱ्याच दिवसांनी त्याचा श्वास जरा सरळ चालला. "बरं झालं," म्हणाला, आणि उरलेल्या नखांसाठी दुसरा हात पुढे केला.

मी तो हात घेतला आणि नखं काढायला लागले. त्याला माफ करून मला तेव्हा मिनिटभरसुद्धा झालं नव्हतं.